रताळ्याचं सरबत

रेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती देवदत्तने तिचा काचेचा बुधला कोटांच्या कपाटात कोंबला तेव्हा. हा बुधला म्हणजे तिचं बिअर आंबवायचं भांडं. इतकी वर्षं तो डायनिंग रूमच्या कोपऱ्यात उजळ माथ्याने उभा होता, येणारेजाणारे त्याच्याकडे बघून "या वेळी काय?" असं विचारत होते. आणि आता पुण्याहून सासूबाई येणार म्हटल्यावर तिच्या नवऱ्याने तो उचलून कपाटात ढकलला, वर तिचाच जुना हिवाळी कोट टाकला आणि मागे सरकून बघितलं, दिसतोय का.

"झालं," तो म्हणाला. "आता आईला काही कळायचं नाही."

"काय कळायचं नाही?"

"हेच गं. तुझं हे."

तुझं हे! पाहुणे आले की हाच माणूस ग्लास उजेडात धरून "आमची ब्राऊन एल" म्हणून मिरवायचा. पाहुण्यांसमोर आमची आणि आईसमोर तुझं हे. वा रे बहाद्दर!

रेणू मूळची नागपूरची. अमेरिकेत मॉरिसव्हिलला येऊन तिला पंधराएक वर्षं झाली होती. एका औषध कंपनीत ती क्वालिटीचं काम बघायची आणि घरी बिअर करायची. आता कोणी म्हणेल, छंद आहे. पण छंद देवदत्तचेही होते. त्याची गिटार पलंगाखाली धूळ खात होती आणि सायकलच्या हँडलवर मुलीचे टॉवेल वाळत होते. रेणूचं तसं नव्हतं. दर शरदात ती एक ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी रंगाची बिअर, करायची, आणि ती करायची म्हणजे करायचीच. जवाचं माल्ट, त्यातलं थोडं कॉफीसारखं काळं भाजलेलं, कॅरोलायनाची ओव्हनमध्ये भाजून घेतलेली रताळी, कोल्हापुरी गूळ आणि उकळी संपता संपता सुंठ नि जायफळ. पहिल्या वर्षी जायफळाचा हात असा सैल सुटला की पिणारे सोफ्यावरच पेंगले. पुढे हात बसला. आता तिची एल ज्याने प्यायली तो पुढच्या शरदाची वाट बघायचा.

घरी बिअर करणाऱ्यांच्या तिच्या होमब्रू क्लबात दर शरदात एक संध्याकाळ असते. त्या दिवशी एका सभासदाची बिअर मानाची. ती सगळ्यांनी प्यायची, तिच्यावर बोलायचं आणि करणाऱ्याचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं. या वर्षीचा मान रेणूला मिळाला होता आणि नेमक्या याच शरदात सासूबाई सहा महिन्यांसाठी येत होत्या.

"मग सांगून टाकू की आईंना," रेणू म्हणाली होती.

"मी सांगतो ना. योग्य वेळ बघून."

देवदत्तची योग्य वेळ म्हणजे काय ते रेणूला लग्न झाल्यापासून माहीत होतं. ती कधी येत नाही. आणि खरी आग लागायची ती पुढेच. देवदत्त पितो हे त्याच्या आईला पक्कं ठाऊक होतं! फोनवर रेणूला त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, "त्याला पार्टीत घ्यावी लागते गं, मोठ्या हुद्द्यावर आहे." म्हणजे प्यायला हरकत नव्हती, लपवायचं होतं ते सुनेनं करणं. रेणूला सासूबाईंकडून शाबासकी नको होती. तिला आपल्या घरात, आपल्याच ओट्यापाशी उभं राहून "ही बिअर मी करते" एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणता यायला हवं होतं. बास. एवढंच.

सासूबाई, म्हणजे पद्मिनीबाई, आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, सडसडीत, पांढरे बूट घालून सकाळी तळ्याभोवती तीन चकरा मारणाऱ्या बाई. उपास कडक करायच्या आणि इतरांनी केला नाही तर काही बोलायच्या नाहीत. घरात तशा बेताने वावरायच्या. फ्रीज उघडायच्या आधीसुद्धा विचारायच्या. रेणूला वाटायचं, बाई मनात काहीतरी धरून आहेत.

बिअर करायचा दिवस उजाडला. रेणूने गॅरेजचं दार वर केलं, बाहेर ड्राइव्हवेवर गॅसची शेगडी मांडली आणि मोठं पातेलं चढवलं. माल्टचा चोथा तिने आधीच काढून कंपोस्टच्या डब्यात टाकला होता. रताळी आत गेली होती, गूळ विरघळत होता आणि ती जायफळ उगाळत होती. देवदत्त पहाऱ्याला होता. आईला म्हणे तो खरेदीला नेणार होता, पण पहारेकरी फोनवर मॅच बघत बसला आणि आई पाठीमागून येऊन उभी राहिली.

"काय गं, रताळी उकडतेस की काय? वास काय सुटलाय!"

रेणूने तोंड उघडलं. आलेली संधी होती, कोणी हात धरला नव्हता. पण देवदत्त खुर्चीतून असा उसळला की फोन खाली पडला.

"आई, ते रताळ्याचं सरबत आहे! नवरात्रासाठी. तुझ्या उपासाचं."

"उपासाचं सरबत?"

"हो ना! रताळी, गूळ, सुंठ, जायफळ. सांग, यातलं काय चालत नाही उपासाला?"

जव चालत नाहीत. त्या पातेल्यात दुसरं होतं काय? सगळा जवाचाच अर्क, बाकीचं नुसतं चवीला! रेणू हातात पळी धरून बघत राहिली. एवढं धादांत खोटं माणूस इतक्या सहज कसं बोलू शकतो, आणि तेही आपल्या आईशी, आणि तेही देवाधर्माच्या बाबतीत? बाप्पा!

पद्मिनीबाईंनी तिच्या हातातली पळी घेतली, थोडं निववलं आणि चाखलं. अजून ते नुसतं गोड पाणी होतं, बिअर व्हायला वेळ होता.

"छान आहे. शेवटी जरा कडवट लागतंय."

"औषधी फुलं असतात त्यात," देवदत्त म्हणाला. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स ही फुलंच असतात, म्हणजे तेवढं एक खरं बोलला.

"पण नवरात्राला अजून वेळ आहे की. आत्तापासून कशाला?"

"मुरावं लागतं."

"सरबत मुरतं?"

"इथलं मुरतं," निर्लज्ज म्हणाला.

पद्मिनीबाईंनी पळी परत दिली आणि रेणूच्या दंडावर हात ठेवला. "माझ्या उपासाची इतकी आधीपासून तयारी! आमच्या सोसायटीत कोणाच्या सुनेला तिथी तरी माहीत असते का?" असं म्हणून त्या आनंदाने आत गेल्या. आणि तो हात रेणूला दिवसभर दंडावर भाजत राहिला. कारण कौतुक झालं होतं ते तिचं नव्हतं. ज्या बाईचं झालं ती बाई देवदत्तने उभ्या उभ्या रचली होती.

खोलीत गेल्यावर रेणू फुटली. रागात तिचं नागपूर बाहेर यायचं. "काय बोलून राहिला तू? काय बोलून राहिला? जवाची बिअर अन् उपासाची?"

"हळू! अगं, आपण तिला कुठे प्यायला देणार आहोत?"

"मी जाऊन सांगते त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"सांग. जा. तिचा बीपी वाढला की मग बस हॉस्पिटलच्या ईआरमध्ये. या वयात, परक्या देशात." मग आवाजात साखर पेरून म्हणाला, "मी हे तुझ्यासाठीच करतोय ना? सुनेने घरात दारू गाळली म्हटल्यावर तिच्या मनात तुझ्याबद्दल काय येईल?"

दारू गाळली! याच माणसाने मागच्या वर्षी शेवटची बाटली कोणाला न सांगता एकट्याने संपवली होती. रेणूला त्याचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं. पण बीपी हा शब्द त्याने मध्ये ठेवला होता, आणि तो ओलांडून जायची हिंमत तिला झाली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बुधला कपाटात, कोटाखाली, गुपचूप बुडबुडे सोडत राहिला. यथावकाश बिअर तयार झाली, आणि झाली ती अशी की रेणूने पहिला घोट घेऊन डोळे मिटले. रताळ्याचा भाजका गोडवा, मागून सुंठ, आणि जायफळ बेताचं, बोलावल्यावरच येणारं. पिंप भरून तिने क्लबच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. उरलेली बिअर बाटल्यांत भरली. ती दर बाटलीला लेबल लावते, नाव आणि तारीख. तशी लावायला घेतली तर देवदत्तने तिचा हात धरला.

"लेबल नको. आई सगळं वाचते."

बिनलेबलाच्या बाटल्या गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये गेल्या. अनौरस पोरं दडवावीत तशा.

नवरात्र लागलं. पद्मिनीबाईंचे नऊ दिवसांचे उपास सुरू झाले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांशी त्यांची तोवर गट्टी जमली होती, आणि शनिवारचा भोंडला त्यांनी रेणूच्या घरी ठरवून टाकला. ठरवताना "तुला चालेल ना गं?" असं इतक्या वेळा विचारलं की रेणूलाच कसंतरी झालं. पाटावर हत्ती काढला, फुलं आणली. येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींना उपास, म्हणून रेणूने साबुदाण्याचे वडे आणि शेंगदाण्याची आमटी करून ठेवली. गाणी सुरू झाली आणि तिला निघावं लागलं, मुलीला, कादंबरीला, सॉकरच्या प्रॅक्टिसहून आणायचं होतं. देवदत्त वर होता. त्याला बजावून गेली, "आईंकडे लक्ष ठेव." तो "हो हो" म्हणाला, म्हणजे त्याने ऐकलं नव्हतं.

आता भोंडल्याची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गाणी संपली की खिरापत. आणि खिरापत आधी दाखवायची नाही, झाकून ठेवायची, बायकांनी ओळखायची. वड्यांचा वास तर घरभर पसरला होता, ते कोणीही ओळखलं असतं. पद्मिनीबाईंना काहीतरी नवीन हवं होतं. आणि त्यांच्या सुनेने त्यांच्यासाठी एवढ्या प्रेमाने मुरवलेलं नवीन काहीतरी गॅरेजमध्ये होतंच की!

रेणू कादंबरीला घेऊन परत आली तर घराबाहेर हसण्याचा आवाज येत होता. चप्पल काढतानाच तिला काहीतरी विचित्र वाटलं. भोंडला इतका दणक्यात होत नाही. आत बघते तर बायका रिंगण सोडून जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, गाल लाल, प्रत्येकीच्या हातात स्टीलचा पेला. नुकतं लग्न होऊन आलेली प्रीता भिंतीला टेकून एकटीच खुदखुदत होती. मंडळातल्या सुमंतची बायको अहिल्या तिसरा पेला भरून घेत होती, अगदी शांतपणे, इकडेतिकडे न बघता. या अहिल्येच्या घरी दर शनिवारी वाइन फुटते, तिला पहिल्या घोटातच कळलं नसेल असं मानायला रेणू तयार नव्हती. आणि मधोमध पद्मिनीबाई उभ्या, झाकलेला जग हातात, चेहरा फुललेला.

"रताळं ओळखलंत. गूळ ओळखलात. सुंठ, जायफळ झालं. अजून एक जिन्नस राहिलाय! सोडा नाहीये हं. ओळखा!"

रेणूला ओट्यावरच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. ओरडावं की जग हिसकावून घ्यावं हे ठरेपर्यंत कादंबरीने हात वर केला होता. अमेरिकेत जन्मलेली पोर, कोडं विचारलं की उत्तर द्यायचं एवढंच तिला कळतं. आज्जीला बिअरचं सांगायचं नाही ही बापाने घातलेली शपथ ती पार विसरली.

"आज्जी, आय नो! इट्स मॉम्स बिअर!"

प्रीता एकदा खुदकन हसली आणि गप्प झाली.

"बिअर?" पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांनी जग खाली ठेवला. मग स्वतःचा पेला बघितला. तो रिकामा होता.

आणि मग जो गिल्ला झाला! "अगं बाई, उपासाच्या बायकांना दारू पाजली?" "नवरात्रात?" "पद्मिनीताई, आम्ही तुमच्या विश्वासावर..." सगळ्यात मोठा आवाज अहिल्येचा, पेला अजून हातातच. "काय हे रेणू! निदान आज तरी!" रेणूला वाटलं, हिचा तिसरा पेला हिच्याच डोक्यावर पालथा करावा. चोराच्या उलट्या बोंबा!

आरडाओरडा ऐकून देवदत्त जिना उतरून आला. त्याने बाटल्या पाहिल्या, बायका पाहिल्या, आई पाहिली.

"देवा," पद्मिनीबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. योग्य वेळ असते म्हणतात, ती हीच होती. देवदत्तने घसा साफ केला, आणि वळला तो बायकोकडे.

"रेणू, निदान बाटल्यांवर लेबल तरी लावायचंस गं."

रेणूला वाटलं आपण चुकून ऐकलं. मग कळलं की नाही, बरोबर ऐकलं. एवढ्या बायकांसमोर, तिच्याच घरात, तिच्याच बिअरचं खापर तिच्याच डोक्यावर फोडून हा माणूस मोकळा झाला होता, आणि चेहऱ्यावर असा भाव की बायकोचा निष्काळजीपणा मोठ्या मनाने सांभाळून घेतोय.

"लेबल?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "लावत होते तर हात धरलास माझा! आई वाचते म्हणून! आणि सरबत म्हणालं कोण? मी म्हणाले? सांग ना सगळ्यांसमोर, मी एकदा तरी सरबत म्हणाले? ही बिअर आहे. ब्राऊन एल. मी करते ती, माझ्या हाताने, आठ वर्षं झाली. लाज वाटायची तर ती तुला वाटू दे, मला काही वाटत नाही तिची!"

देवदत्त "अगं, अगं" करत राहिला. पद्मिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"मी उपास करते हे तुला माहीत होतं ना रे?"

"आई, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून माझा उपास मोडलास?"

पद्मिनीबाई रेणूकडेही एकदा बघून आपल्या खोलीत निघून गेल्या आणि दार लावून घेतलं. बायकांनी पर्सा उचलल्या. वड्यांना कोणी हात लावला नाही.

पुढचे दिवस म्हणजे नुसता वैताग. पद्मिनीबाई दोघांशीही कामापुरतं बोलायच्या, रेणूशी जरा कमीच. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रेणूचं नाव न घेता संस्कारांवर चर्चा झाली. मंडळाच्या शशिकांतकाकांनी तर निवेदनच काढलं की यापुढे खिरापतीची जबाबदारी मंडळ घेईल. देवदत्तला मात्र फोन यायचे ते सहानुभूतीचे. बिचारा देवदत्त, दोन बायकांच्या मध्ये अडकला! अडकला म्हणे. आणि हा बिचारा आईच्या खोलीत जाऊन रेणूच्या वतीने माफी मागून आला, तिला न विचारता. रेणूच्या वतीने! वर अहिल्येचा गुपचूप मेसेज: "उरलीय का गं एखादी बाटली?" रेणूने फोन कोचावर फेकला. जगात लाज नावाची वस्तू फक्त तिच्याच वाट्याला पाठवून द्यायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की काय!

दसरा झाला आणि क्लबचा शुक्रवार आला. रेणूने निळी साडी नेसली, कारण फळ्यावर नाव लागणार ते असंतसं नाही लागणार. जिन्यातून खाली आली तर पद्मिनीबाई हॉलमध्ये पेपर चाळत बसलेल्या आणि समोर देवदत्त.

"कुठे निघालीस?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

रेणूने श्वास घेतला, तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "आई, तिच्या ऑफिसचं डिनर आहे..."

अजून! एवढं सगळं होऊनसुद्धा! रेणूची मान फिरली, पण तिच्याआधी पद्मिनीबाई बोलल्या.

"देवा, उठ आणि आत जा."

"आई, मी फक्त..."

"आत जा म्हटलं ना."

चाळिशी उलटलेला माणूस उठून आत गेला. पद्मिनीबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आता तू सांग."

"आमच्या क्लबात चालले. आज माझी बिअर मानाची आहे. फळ्यावर माझं नाव लिहिणार आहेत."

"तिथे कोणी विचारलं, ही कोणी केली, तर सांगशील?"

"सांगेन. का नाही सांगणार?" रेणूचा पारा चढायला लागला. आता सुरू होणार, तिला वाटलं.

"परक्या माणसांना सांगशील. मग मी त्या दिवशी पळी तोंडाला लावली तेव्हा मला का नाही सांगितलंस?" पद्मिनीबाईंचा आवाज चढला नव्हता. "तो खोटं बोलला. तो लहानपणापासून असाच, समोरच्याला जे ऐकायचंय ते बोलून मोकळा होतो. पण तू समोर उभी होतीस, माझ्या डोळ्यांत बघत. जव आहेत म्हणाली असतीस तरी पुरे होतं. एवढा शब्द जड झाला तुला?"

रेणूकडे उत्तरं खूप होती. बीपी होता, सहा महिन्यांचा प्रश्न होता, सुनेबद्दल काय वाटेल ते होतं. पण एकेक उत्तर ओठांवर आलं आणि तिच्या लक्षात आलं, ही सगळी देवदत्तची आहेत. तिचं स्वतःचं एकच होतं आणि ते सांगायला तिला फार वाईट वाटत होतं.

"मला तुमची भीती वाटली."

"माझी?" पद्मिनीबाई बघतच राहिल्या. "मी कधी तुला वेडंवाकडं बोलले?"

"नाही. पण देवदत्त म्हणायचा, तुम्हाला सहन होणार नाही. तुमच्या मनातून मी उतरेन."

"देवदत्त म्हणायचा!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की आतल्या खोलीतली हालचाल थांबली. "आणि मला काय म्हणायचा, माहीत आहे? रेणूला फ्रीजला हात लावलेला आवडत नाही. रेणूला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. गॅरेज तर तिचंच, तिकडे फिरकू नकोस. आल्यापासून मी माझ्या मुलाच्या घरात पाहुण्यासारखी पाय मोजून राहतेय, आणि मला वाटायचं तुलाच मी नकोय! त्या दिवशी तो फ्रीज उघडला तो धीर करून उघडला. म्हटलं, हिने माझ्यासाठी केलंय, आज तरी रागावणार नाही."

रेणू साडीसकट शेजारी बसली. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. इतके दिवस ती या बाईवर धुमसत होती, आणि ही बाई तिच्यावर. आणि मध्ये उभा राहून दोन्हीकडे निरोप पोचवणारा मात्र बिचारा ठरला होता.

"मी असं कधीच म्हणाले नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"मला सहन होणार नाही असं मी तरी कुठे म्हणाले होते?" पद्मिनीबाईंनी चष्मा पुसला आणि परत लावला. "माझा राग गेलेला नाही, रेणू. उपास मोडला ते मला लागलंय, आणि ते लागणारच."

"माझाही गेलेला नाही, आई."

"नसू दे. जा आता, तुझी माणसं वाट बघत असतील." रेणू उठून दारापाशी पोचली तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. "आणि लोक काय म्हणाले ते आल्यावर मला सांग. त्याच्याकरवी निरोप नको. तू येऊन सांग."